पसरणी घाट उतरून आलेली जीप

दुपारी गॅरेजात डबा सोडून बसलो होतो, तेवढ्यात आण्णांची जीप आत शिरली. गाडी बंद करायच्या आधीच त्यांनी आवाज दिला, "मागचा डावा ब्रेक धरत नाही रे!" पाचगणीहून वाईला येताना अख्खा पसरणी घाट त्यांनी दुसऱ्या गिअरवर उतरवला होता. सोबत नातू होता.

गाडी १९८८ ची, महिंद्राची एमएम ५४०. मी खाली वाकलो आणि घास घशातच अडकला. मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं, कव्हर ओलं होतं, चाकाच्या आतल्या बाजूनेही तेल ओघळलं होतं. ९० नंबरच्या गिअर ऑइलचा तो गंधकासारखा वास एकदा नाकात बसला की जात नाही. आणि हे कव्हर मीच पंधरा दिवसांपूर्वी सील करून दिलेलं.

त्या दिवशी घाई केली होती. सिलिकॉनची जुनी पेस्ट खरवडली, नवी लावली, दहाही बोल्ट गच्च आवळले आणि तासाभरात ऑइल भरून चावी दिली. आण्णांनी एका शब्दाने विचारलं नाही. त्याचंच जास्त लागलं.

हौसिंग, म्हणजे डिफरन्शियलची लोखंडी पेटी, अजून तापलेलं होतं. ऑइल किती उरलंय बघावं म्हणून भरायचा नट सैल केला, तर फुस्स्स करून हवा बाहेर आली. चांगली दोन-तीन सेकंद. हाताखालचा पोऱ्या दचकून मागे सरला. मी मात्र तसाच पाना धरून बसलो, कारण दुखणं कुठं आहे ते त्या आवाजातच कळलं.

एक्सलच्या नळीवर ब्रीदर असतो, बारीक टोपी घातलेला. घाटात डिफरन्शियल तापतो, आतली हवा फुगते, ती तिथून निघून जायला हवी. बोटाने चाचपला तर हाताला नुसता ढेकूळ लागला. कधीतरी कुणीतरी एक्सलला काळा रंग मारताना त्याच्यावरूनच ब्रश फिरवला होता, वर वर्षानुवर्षांचा चिखल. वाट बंद झाल्यावर ती हवा तेलालाच ढकलणार. कव्हरच्या कडेतून ढकललं, एक्सलच्या ऑइल सीलमधून ढकललं, आणि तेच तेल ब्रेकच्या लायनरवर गेलं. मी पंधरा दिवसांपूर्वी वर पाहिलंच नव्हतं.

कव्हर खोललं. खालचे बोल्ट आधी, वरचे दोन सैल ठेवून, म्हणजे तेल परातीत नीट पडतं. निम्म्याहून कमीच निघालं. तेलात सिलिकॉनचा शेवयांसारखा एक तुकडा तरंगत होता, माझ्याच हातच्या जाड थराचा. आतल्या मोठ्या क्राउन गिअरचे दाते एकेक फिरवून बॅटरीच्या उजेडात पाहिले. कुठे टवका नाही, तापून आलेला निळेपणा नाही. तेव्हा कुठे श्वास सुटला.

कव्हर धुऊन काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवलं. बोल्टच्या भोकांशी पत्रा आत दबून वाट्या झालेल्या, त्यामुळे भोकाशी कड काचेवर टेकत होती आणि दोन बोल्टांच्या मधे कागद सहज सरकत होता. तळाला गंजाने पत्रा इतका खाल्ला होता की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आरपार गेलं. ठोकून सरळ करण्यात अर्थ नव्हता. साताऱ्यात भंगारात निघालेल्या एका जीपचं कव्हर मिळालं. तेही आधी काचेवर ठेवून पाहिलं, मगच पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी हौसिंगची कड पत्तीने खरवडली. आत कचरा जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं कोंबलं होतं. मग थिनरच्या फडक्याने पुसली, नवं फडकं पांढरं राहीपर्यंत. तेलाचा हात जरी लागला तरी सिलिकॉन धरत नाही. पेस्टची तीन-एक मिलिमीटरची एकच अखंड रेघ, प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगाने वळवून. दहाही बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे थोडे थोडे. जोर लावायचा मोह होतोच, पण तेवढ्यानेच पहिल्या कव्हरच्या वाट्या झाल्या होत्या. ब्रीदर नवा टाकला. ऑइल सील आणि लायनर दोन्ही बाजूंचे बदलले, ड्रम धुतले.

आण्णा संध्याकाळी गाडी न्यायला आले. "आज नाही देत," म्हटलं, "रात्रभर सुकू दे." ते म्हणाले, "तुझं काम, तुला कळतंय." सकाळी ऑइल भरलं, भोकाच्या कडेला लागेपर्यंत. मजुरी घेतली नाही. त्यांनी खिशात कोंबायला बघितली, मी हात धरला.

तीन आठवड्यांनी स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन जीप पुन्हा वाईत आली, तेव्हा आण्णा चहाला थांबले. मी बॅटरी घेऊन गाडीखाली गेलो आणि कव्हरच्या सगळ्यात खालच्या बोल्टवर बोट फिरवलं. बोटाला घाटावरची लाल धूळ लागली, कोरडी. फुंकर मारली तर उडाली.