आपलंच पाकीट, पण उघडायचं नाही

आपल्याबद्दल कुणीतरी पानभर लिहिलंय, ते पाकिटात घालून चिकटवलंय, चिकटवल्या जागेवर अर्धी वरच्या घडीवर आणि अर्धी खालच्या कागदावर येईल अशी आडवी सही ठोकलीय, सहीवर शिक्का, शिक्क्यावर सेलोटेप, आणि मग ते पाकीट आपल्याच हातात देऊन सांगितलंय की नीट पोचव पण उघडू नकोस, उघडलंस तर फुकट. मला हा प्रकार फार भारी वाटतो. आमची भाची सध्या शिफारसपत्रांची असली पाकिटं दप्तरात घालून कोल्हापूरभर फिरतेय आणि मी तिचा मामा म्हणून गाडी चालवतोय.

तिला तौलनिक साहित्यात, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतलं साहित्य शेजारी ठेवून अभ्यासायचं त्यात, पीएचडी करायचीय, अमेरिकेत. जात्यावरच्या ओव्यांवर तिचं काम आहे, ओवीतली बाई आपलं दुःख कुणाला उद्देशून सांगते असं काहीतरी, मला अर्धं कळतं. घरी पहिला प्रश्न आला की मराठी ओव्या शिकायला अमेरिकेला कशाला? तिनं शांतपणे सांगितलं की आपल्याकडं तौलनिक साहित्याचा पहिला विभाग कोलकात्याच्या जादवपूरला 1956 साली निघाला, तिथंही ती अर्ज करणार आहे, पण तिकडच्या पीएचडीला बऱ्याच ठिकाणी फी माफ असते आणि वर पाचेक वर्षं शिकवण्याच्या बदल्यात महिन्याला पैसे मिळतात. नुसतं एमए करायला गेलं तर मात्र बहुतेक वेळा खिशातनं. "पैसे मिळतात" हे ऐकल्यावर ओव्यांबद्दल घरात कुणाची काही तक्रार उरली नाही.

आता म्हणाल सगळं तर ऑनलाइन असतंय. असतंय की. फॉर्म ऑनलाइन, फी ऑनलाइन, मार्कशीटचं स्कॅन अपलोड. पण साहित्याच्या अर्जात कागद कुठनं ना कुठनं आत शिरतोच. तिचे एक सर रिटायर्ड आहेत, त्यांच्याकडं कॉलेजचा इमेल नाही, साधा जीमेल आहे आणि तोही नातू उघडून देतो, आणि तिकडच्या वेबसाइटला शिफारस करणाऱ्याचा संस्थेचा इमेल पाहिजे. तिनं तिथल्या ऑफिसला विचारलं, त्यांचं उत्तर आलं की मग पत्र पोस्टानं पाठवा, सीलबंद, सही घडीवरून. शिवाय अॅडमिशन झालीच तर अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे युनिव्हर्सिटीनं दिलेला सगळ्या मार्कांचा उतारा, बंद पाकिटात लागणार ते वेगळंच, म्हणून तेही आत्ताच काढून ठेवायचं.

शिफारसपत्राची तिकडची पद्धत मला आधी माहीत होती तरी परत वाचताना गंमत वाटली. फॉर्मवर एक ओळ असते, हे पत्र बघायचा माझा हक्क मी सोडतो किंवा सोडत नाही, टिक करा. 1974 साली त्यांच्याकडं एक कायदा झाला, विद्यार्थ्याला आपली फाईल बघायचा हक्क देणारा, म्हणून उद्या तिथं शिकायला लागलेल्या पोरानं आपलं पत्र मागू नये यासाठी आधीच विचारून घेतात. आणि सगळे शहाणे सांगतात की 'सोडतो'वरच टिक कर, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं पोरगी पत्र वाचणार म्हणून सरांनी गोड गोड लिहिलंय. म्हणजे हक्क आहे पण न वापरण्यात शहाणपण. आपल्याकडं स्थळाची चौकशी अशीच करतात, मुलाच्या घरी न विचारता शेजारच्या वाण्याला विचारतात.

आणि आपल्याकडच्या शिफारसपत्राची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. "तूच लिहून आण, मी सही करतो." यात सरांचं काही वाईट नसतं, त्यांना वेळ नसतो आणि पोरांना विशेषणं भरपूर येतात. हार्ड वर्किंग, सिन्सिअर, गुड मॉरल कॅरेक्टर. तिकडं गुड मॉरल कॅरेक्टरचं काहीच पडलेलं नाही, त्यांना पाहिजे की ही पोरगी वर्गात काय प्रश्न विचारायची, तिच्या निबंधात कुठलं वाक्य लक्षात राहिलं. भाचीच्या रिटायर्ड सरांनी मात्र लिहून आण म्हटलं नाही. तिला दोन तास बसवून घेतलं, तिचा जुना प्रबंध मागवून घेतला, पेन्सिलनं खुणा केल्या, आणि आठवड्यानं हातानं लिहिलेलं पत्र टाईप करायला नातवाकडं दिलं. नातवानं ते आम्हाला दाखवलं नाही. मी सहज विचारून बघितलं होतं, पोरगं पक्कं निघालं.

मग शिक्का. सर रिटायर्ड, त्यांच्याकडं शिक्का कुठला? तिकडच्यांनी शिक्का मागितलाच नव्हता, नुसती सही पाहिजे होती, पण आपल्याला शिक्क्याशिवाय कागद नागडा वाटतो. म्हणून सर म्हणाले माझ्या जुन्या ऑफिसात जा, पाकिटावर शिक्का मारून आण. कुठलं ऑफिस ते जाऊ दे. तिथल्या भाऊसाहेबांनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, उजेडाकडं धरलं आणि विचारलं, "आत काय हाय?" भाची म्हणाली मला माहीत नाही. "तुझंच पत्र आणि तुला म्हाईत न्हाई?" नाही, मी बघायचं नसतं. "मग मी आतलं बघितल्याबिगर शिक्का कसा मारू? उद्या आत भलतंच काय निघालं म्हंजे?" आता हे बोलणं चुकीचं आहे का? अजिबात नाही. त्याच्या टेबलावर आयुष्यभर हाच नियम की कागद बघ, मूळ प्रत बघ, मग शिक्का मार. त्याला आपण सांगतोय की न बघता मार. तो पाकीट फोडायला पट्टी शोधायला लागला तेव्हा भाचीनं ते अक्षरशः त्याच्या हातनं ओढून घेतलं. शेवटी शिक्क्याविना गेलं. सरांनी सहीशेजारी तारीख घातली, वरनं चिकटपट्टी अशी लावली की सही झाकली जाईल पण वाचता येईल, आणि नखानं बुडबुडे काढत बसले. ओल्या गोंदावर जेल पेन चालत नाही, शाई पसरते, बॉलपेनच पाहिजे, हे त्यांना कुठनं माहीत होतं देव जाणे, पण त्यांनी आधी दुसऱ्या पाकिटावर सही करून बघितली होती.

आमच्या पिढीला या अविश्वासाची वेगळी सवय. सत्यप्रत! झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरची सही पाहिजे, आणि गॅझेटेड ऑफिसर आपल्याला ओळखत पाहिजे असं अजिबात नाही, उलट ओळखत नसला तर बरं. कुणाच्या तरी काकांच्या ओळखीचे पशुवैद्यकीय अधिकारी असायचे, ते म्हशी तपासून आले की ओट्यावर बसून आमच्या बीएच्या मार्कशीटवर सह्या करायचे. पुढं 2014-15 च्या सुमारास सरकारनंच सांगितलं की स्वतःच सही करा, स्वसाक्षांकित चालेल, आणि एका झटक्यात आपण सगळे आपापले गॅझेटेड ऑफिसर झालो. मला वाटतं दोन्हीकडं प्रश्न तोच आहे की कागद खरा कशावरनं. आपल्याकडं उत्तर होतं की अनोळखी पण हुद्द्याचा माणूस सांगतो म्हणून, तिकडं उत्तर आहे की तुला ओळखणारा माणूस तुझ्यामागं सांगतो म्हणून. मला दुसरं जास्त पटतं. पण त्यासाठी आधी ओळखणारा माणूस पाहिजे, आणि ऐंशी पोरांच्या वर्गात तो मिळवणं हे अर्जातलं सगळ्यात अवघड काम आहे, कुठल्याच फॉर्मवर त्याचा रकाना नसतो.

ट्रान्स्क्रिप्टचं तसं सरळ झालं. युनिव्हर्सिटीत अर्ज केला, फी भरली, मिळालं. एकदम सुरळीत झालं की लिहिण्यासारखं काही उरत नाही. फक्त पाठीमागं श्रेणी कशी ठरते ते छापलंय ना हे बघून घ्यावं, कारण साहित्याचे मार्क तिकडच्या माणसाला समजावून सांगायला लागतात. आमच्या वेळी इंग्रजी साहित्याला साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, आणि फर्स्ट क्लासवाला गल्लीत ताठ मानेनं चालायचा. अठ्ठावन्न पडले तर लोक म्हणायचे थोडक्यात हुकलं. तिकडं शंभरातले साठ म्हणजे काठावर पास. उत्तर कितीही चांगलं लिहा, वीसपैकी बाराच्या वर पेन जातच नव्हतं आमच्या परीक्षकांचं, आणि हे चार पॉइंटच्या जीपीएवाल्याला, म्हणजे मार्कांची सरासरी चारपैकी मोजणाऱ्याला, कसं सांगणार? मागच्या बाजूचा तो चौकोनी तक्ताच काय ते सांगणार.

मी स्वतः एकदा असला अर्ज केला होता, 2003 च्या आसपास. तेव्हा फॉर्मच पोस्टानं मागवायचा, तो यायला महिना. तिकडच्या प्रवेशासाठीची जीआरई परीक्षा, त्यात जनरल वेगळी आणि इंग्रजी साहित्याची सब्जेक्ट परीक्षा वेगळी, ती कागदावर, दोनशे तीसच्या आसपास प्रश्न आणि पावणेतीन तासांच्या थोडं वर वेळ, जुन्या इंग्रजी कवितेपासून कालपरवाच्या सिद्धांतापर्यंत काहीही. 2021 साली ती बंद केली, आणि बरं केलं, कारण खरं वाचणाऱ्यांपेक्षा कादंबऱ्यांचे सारांश पाठ करणाऱ्यांची त्यात चंगळ होती असं माझं ठाम मत आहे. एका ठिकाणी अर्ज पोचल्याचं कळवायला स्वतःचा पत्ता घातलेलं तिकीट लावलेलं कार्ड मागितलं होतं, पण आपलं तिकीट तिथनं चालणार कसं? त्यासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन नावाची चीज होती, 1906 साली ठरलेली, ते कूपन देऊन परदेशातल्या पोस्टात तिथलं तिकीट घ्यायचं. अॅडमिशन आली, पैसे आले नाहीत, विषय संपला.

कागदाच्या बाबतीत एकच गोष्ट माझ्या जिवाला लागली ती म्हणजे साईझ. तिचा नमुना निबंध वीसेक पानांचा, डबल स्पेस, बारा पॉइंट, चारी बाजूंनी एक इंच जागा, असं त्यांनी नीट सांगितलंय. आता त्यांचं पान लेटर साईझचं, साडेआठ बाय अकरा इंच, आपलं ए-फोर त्यापेक्षा सहा मिलिमीटर अरुंद आणि जवळजवळ अठरा मिलिमीटर उंच. फाईल तिकडच्या मापात केली आणि इकडं ए-फोरवर छापली की खाली पांढरी पट्टी, उलटं केलं की पानं वाढतात, तळटिपा उड्या मारतात. एक प्रत कागदावर सरांना द्यायची होती म्हणून राजारामपुरीत झेरॉक्सवाल्याकडं गेलो. लेटर साईझ पेपर आहे का? "लीगल हाय, ए-थ्री हाय, लेटर कशाला पाहिजे, लेटर ए-फोरवरच लिवत्यात की." भाची हसायला लागली. मग तो म्हणाला थांबा, आणि ए-फोरचा अख्खा गठ्ठा कटिंग मशीनखाली घालून खालची अठरा मिलिमीटर उडवली. रुंदीत सहा कमीच राहिले, पण ते सरांनी काही मोजले नाहीत. कापलेल्या पट्ट्या त्यानं रबर लावून ठेवल्या, हिशोब लिहायला.

तर सध्या सगळं जमलंय, फक्त नाव अडलंय. पासपोर्टवर भाचीच्या नावात वडलांचं नाव बाळासाहेब आहे. दहावीच्या मार्कशीटवर बाळासो. कोल्हापुरात बाळासाहेबाचा बाळासो, आण्णासाहेबाचा आण्णासो, दादासाहेबाचा दादासो होतो हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण तिकडच्या ऑफिसातल्या माणसाला ही दोन वेगळी माणसं दिसणार. त्यात मार्कशीटवर आडनाव आधी, फॉर्मवर शेवटी, मधलं नाव म्हणजे तिकडं आईबापानं हौसेनं ठेवलेलं दुसरं नाव, बापाचं नाव नव्हे. भाचीनं इमेलनं विचारलं तर त्यांनी मोघम उत्तर दिलं, नावात फरक असेल तर खुलासा जोडा. खुलासा म्हटल्यावर आपण प्रतिज्ञापत्राशिवाय दुसरं काय करणार?

म्हणून दाजींना घेऊन नोटरीकडं गेलो. सीपीआर हॉस्पिटलजवळच्या भागात 2025 च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून काळ्या कोटांची गर्दी वाढलीय, गाडी लावायला जागा नाही, दाजी उतरून पुढं गेले आणि मी घिरट्या घालत राहिलो. ऑक्टोबर 2024 पासून शंभरचा स्टॅम्प गेला आणि पाचशेचा आला, दाजींना ते आतापर्यंत माहीत नव्हतं, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. विद्यार्थ्यांच्या सरकारी दाखल्यांसाठी ते माफ आहे म्हणे, पण हा कागद आपल्या सरकारला द्यायचाच नव्हता. मजकूर टाईप झाला, बाळासो आणि बाळासाहेब ही एकाच व्यक्तीची नावे असून ती व्यक्ती मीच आहे. दाजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं, "पन्नास वर्सं मला ठावंच हाय की हे," म्हणाले, आणि खाली नेहमीच्या सवयीनं सही केली, बँकेत करतात तशी, इंग्रजीत बी. डी.

नोटरीच्या पोरानं कागद ओढून घेतला, सही बघितली, दाजींकडं बघितलं आणि म्हणाला, "पाव्हणं, ह्यो तिसरा कोण आनि?"