दुधातली साखर

अप्पा आयुष्यभर साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. मी प्लॅस्टिकला साखर लावायचा धंदा काढतोय म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "ऊस कुठला घेणार?"

ऊस नाहीच. उसाच्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आम्हाला हवं गॅलॅक्टोज, ते दुधाच्या साखरेत सापडतं. यकृताच्या पेशींवर गॅलॅक्टोज ओळखून धरणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर असतो. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये फरक केवढा, तर चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) वर की खाली, एवढाच. पण पेशी फसत नाही.

2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा मी आणि मेहुण्यानं वाळूजला भाड्यानं शेड घेतली. माल म्हणजे पॉलीकॅप्रोलॅक्टोन नावाच्या प्लॅस्टिकच्या पातळ जाळ्या. त्यांच्यावर संशोधक यकृताच्या पेशी वाढवतात. हे पॉलिमर शरीरात सावकाश विरतं, पण पाण्याशी त्याचं जमत नाही. थेंब टाकला की गोल होऊन बसतो, अळवावरच्या पाण्यासारखा. पेशीही धरत नाहीत.

पहिल्या ऑर्डरला आम्ही जाळ्या साखरेच्या द्रावणात बुडवून वाळवल्या. थेंब मस्त पसरला! खुशीत माल पाठवला. दहा दिवसांनी फोन: पेशींचं पोषक द्रावण बदललं की पेशी सुटून येताहेत. साखर चिकटली होती, बांधली गेली नव्हती. पैसे परत केले.

मग बांधायला शिकलो. आधी जाळी डायअमाइन या रसायनात, म्हणजे साखर बांधायला तिच्यावर अमाइन गट बसतात; जास्त वेळ राहिली तर हातात चुरा, कमी राहिली तर काहीच नाही. एक तुकडा बळी द्यायचा, निनहायड्रिन घालून तापवायचा. जांभळा झाला की अमाइन गट बसले. त्यावर ईडीसी या जोडणाऱ्या रसायनाच्या मदतीनं गॅलॅक्टोज असलेलं लॅक्टोबायोनिक आम्ल जोडायचं, म्हणजे गॅलॅक्टोज घट्ट. ही ईडीसी भारी नाजूक. एका जुलैत मेहुण्यानं फ्रीजरमधली बाटली गार असतानाच उघडली, आत दमट हवा शिरली, अख्खी बॅच गेली. आता बाटली टेबलावर तासभर ठेवल्याशिवाय झाकणाला कुणी हात लावत नाही. मे महिन्यात कुरिअरनं माल धाडणंही बंद केलं. हे पॉलिमर साठ अंशांना वितळतं आणि उन्हात उभ्या टेम्पोचा भरवसा नाही.

प्रत्येक बॅच आता तीनदा धुऊन तपासतो. अप्पा संध्याकाळी विचारतात, "उतारा किती?"

"दहातल्या सात पास."

"सत्तर टक्के? आमच्याकडं उसातून साखरेचा उतारा अकरा टक्के लागला तरी पेढे वाटायचे."