हिमोग्लोबिनमधले संपर्क मोजताना

प्रथिनाच्या रचनेत कोणते अमिनो आम्ल कोणाला टेकले आहे, याची यादी पाच ओळींच्या प्रोग्रॅममध्ये निघते. बायोपायथॉन या पायथॉन-संचातल्या, जवळचे अणू शोधणाऱ्या 'नेबरसर्च'ला सगळे अणू द्यायचे, अंतर सांगायचे, पातळी रेसिड्यूची (साखळीतल्या एकेका अमिनो आम्लाची) निवडायची, झाले. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून ५७४ रेसिड्यू आणि साडेचार हजारांच्या आसपास जड अणू (हायड्रोजन सोडून बाकीचे) आहेत. प्रत्येक जोडी तपासायची म्हटले तर एक कोटीच्या घरात अंतरे मोजावी लागतील. पण आतमध्ये के-डी ट्री (अणू जागेनुसार विभागून ठेवणारी मांडणी) असल्याने काम क्षणात होते. यादी मात्र जितकी लवकर येते तितकीच सहज चुकीची येते. हिमोग्लोबिनवर हात बसवणे म्हणूनच सोयीचे: प्राणवायू सोडलेले 'टी' रूप आणि प्राणवायू धरलेले 'आर' रूप यांत कोणते संपर्क बदलतात हे आधीच नीट माहीत आहे. आपली यादी त्याच्याशी जुळली नाही, तर चूक आपली.

आधी अंतराचे. सी-बीटा (बाजूच्या साखळीचा पहिला कार्बन) ते सी-बीटा ८ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) ही संपर्काची व्याख्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या मंडळींची आहे. ग्लायसिनला सी-बीटा नसतो, तिथे सी-अल्फा (साखळीच्या कण्यातला कार्बन) धरायचा. हे विसरले की ग्लायसिन यादीतून गुपचूप गायब होतात. ही व्याख्या घडीचा नकाशा काढायला उत्तम, पण दोन साखळ्यांमधल्या सांध्यासाठी ती बोथट आहे. आर्जिनिनचा हात लांब असतो. त्याचे टोक समोरच्या अस्पार्टेटला घट्ट धरून असताना दोघांचे सी-अल्फा १० अँगस्ट्रॉमवर असू शकतात. उलट, पाठीला पाठ लावून बसलेले दोन रेसिड्यू ८ च्या आत येऊनही एकमेकांशी काहीच बोलत नसतात. सांध्यासाठी कोणत्याही दोन जड अणूंमधले कमीत कमी अंतर घ्यावे आणि मर्यादा ४.५ अँगस्ट्रॉम ठेवावी. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या १.७ च्या आसपास, म्हणजे दोन कार्बन टेकतात ते ३.४ च्या थोडे पुढे. त्यावर एक अँगस्ट्रॉमची सूट पुरेशी आहे.

एकाच साखळीतले संपर्क मोजत असाल तर शेजारी वगळा. लगतच्या दोन सी-अल्फांमधले अंतर ३.८ असते, आणि अल्फा हेलिक्समध्ये (साखळीच्या मळसूत्री वळणात) चौथा शेजारी ६.२ वर येतो. हिमोग्लोबिन जवळजवळ सगळे हेलिक्सचेच. अनुक्रमांकातला फरक निदान पाच तरी हवा अशी अट घातली नाही, तर यादीत हेलिक्सच हेलिक्स दिसतात आणि कामाचे संपर्क त्यात बुडतात.

एककाचा घोळ वेगळाच. अशाच कामाच्या दुसऱ्या संचांपैकी एमडीट्राज नॅनोमीटरमध्ये मोजते, एमडीअॅनालिसिस अँगस्ट्रॉममध्ये. पहिल्याला ४.५ दिले तर ते ४५ अँगस्ट्रॉम होतात, आणि अख्ख्या हिमोग्लोबिनची लांबीच ६५ च्या आसपास आहे. बहुतेक सगळे सगळ्यांना टेकलेले दिसले, तर आधी हे बघा.

आता खरी मेख. टी रूपासाठी पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातली २एचएचबी ही रचना घ्या, विभेदन (किती बारीक तपशील दिसतो ते) १.७४ अँगस्ट्रॉम. आर रूपासाठी १एचएचओ, विभेदन २.१. पहिल्या फाइलमध्ये चार साखळ्या आहेत: ए आणि सी अल्फा, बी आणि डी बीटा. दुसरीत फक्त दोन, ए आणि बी. ही काही अर्धवट फाइल नव्हे. त्या स्फटिकात रेणूचा दुपदरी अक्ष (ज्याभोवती अर्धा फेरा दिला की रेणू तसाच दिसतो) स्फटिकाच्या अक्षावरच पडतो, म्हणून उरलेला अर्धा भाग सममितीने मिळवायचा असतो. तो न मिळवता तुलना केली तर अल्फा-१ बीटा-२ सांधा (एका अर्ध्यातल्या अल्फाचा दुसऱ्या अर्ध्यातल्या बीटाशी) आर रूपात अस्तित्वातच नसतो, आणि टी मधले तिथले सगळे संपर्क 'तुटले' असा भलताच सनसनाटी निष्कर्ष निघतो. गंमत म्हणजे हिमोग्लोबिनची सगळी हालचाल नेमकी याच सांध्यावर होते.

म्हणून जैविक असेंब्लीची, म्हणजे पूर्ण रेणूची, फाइल उतरवा. जुन्या पीडीबी स्वरूपात दुसरा अर्धा भाग वेगळे 'मॉडेल' म्हणून येतो, साखळ्यांची नावे तीच. पहिले मॉडेलच वाचण्याची सवय असलेला प्रोग्रॅम पुन्हा अर्धेच वाचतो. एमएमसीआयएफ या नव्या स्वरूपातल्या असेंब्लीत नावे 'ए-२', 'बी-२' अशी वेगळी येतात, तीच घ्या. मग कोणता सांधा कोणता हे नावावरून न ठरवता संपर्क मोजून ठरवा: अल्फा-१ बीटा-१ हा मोठा आणि पक्का, अल्फा-१ बीटा-२ लहान आणि सरकणारा.

साफसफाई थोडक्यात. एका अणूच्या दोन पर्यायी जागा असतील तर जास्त ऑक्युपन्सीची (जिथे अणू असण्याचे प्रमाण जास्त ती) ठेवा, नाहीतर एकच संपर्क दोनदा मोजला जातो. पाण्याचे रेणू काढा. पण 'हेटअॅटम' नावाच्या सगळ्या ओळी सरसकट उडवू नका, त्यात हीम (प्राणवायू धरणारा लोहयुक्त गट) जाते, आणि इतर रचनांत सेलेनोमेथिओनिनही (मेथिओनिनचे सेलेनियमवाले रूप). रेसिड्यूची ओळख साखळी, क्रमांक आणि इन्सर्शन कोड (क्रमांकामागचे अक्षर) अशा तिन्हींनी ठेवा. प्रतिपिंडांमध्ये ५२ आणि ५२ए हे वेगवेगळे रेसिड्यू असतात.

तुलना करताना एकच मर्यादा वापरणे हा सर्वांत महागात पडणारा आळस. टी मध्ये ४.४ आणि आर मध्ये ४.६ म्हणजे संपर्क तुटला का? नाही. ४ च्या आत आला तर 'आहे', ५ च्या बाहेर गेला तर 'नाही', मधल्याला बदल म्हणायचे नाही. किती फरक नुसता गोंगाट आहे हे २एचएचबी स्वतःच सांगते: त्यात ए-डी आणि सी-बी असे त्याच सांध्याचे दोन नमुने आहेत. त्या दोघांत जे वेगळे दिसते ते टी आणि आर मधला फरक म्हणून खपवू नका. १एचएचओ मध्ये ही सोय नाही, तिथे दोन्ही नमुने सममितीने हुबेहूब एकच.

एवढे करून यादीत काय दिसायला हवे? टी मध्ये अल्फा ४२ टायरोसिन आणि बीटा ९९ अस्पार्टेट यांचा हायड्रोजन बंध. आर मध्ये तो जातो आणि अल्फा ९४ अस्पार्टेट व बीटा १०२ अस्पॅराजिन यांचा येतो. बीटा ९७ हिस्टिडिन टी मध्ये अल्फा ४१ थ्रिओनिन आणि ४४ प्रोलिनच्या मध्ये बसते, आर मध्ये ३८ आणि ४१ या दोन थ्रिओनिनच्या मध्ये, हेलिक्सचा एक वेढा सरकून. हे बंध शोभेचे नाहीत. बीटा ९९ ला अस्पॅराजिन आले की केम्प्सी नावाचे बदललेले हिमोग्लोबिन, प्राणवायूची ओढ जास्त. बीटा १०२ ला थ्रिओनिन आले की कॅन्सस, ओढ कमी. टी चा बंध मोडला की पारडे आर कडे झुकते, आर चा मोडला की टी कडे.

हायड्रोजन बंधासाठी दात्या आणि ग्राहक अणूंमध्ये ३.५ अँगस्ट्रॉम, क्षारसेतूसाठी विरुद्ध भारांच्या नायट्रोजन-ऑक्सिजनमध्ये ४. पण अनेक स्क्रिप्ट क्षारसेतू शोधताना फक्त अस्पार्टेट-ग्लुटामेट आणि लायसिन-आर्जिनिनच्या बाजूच्या साखळ्या बघतात. साखळीच्या शेवटचा कार्बॉक्सिल गट त्यात नसतो. टी रूपातले दोन नामांकित सेतू त्याच गटाचे: बीटा १४६ च्या टोकाचा अल्फा ४० लायसिनशी, आणि अल्फा १४१ च्या टोकाचा दुसऱ्या अल्फाच्या १२७ लायसिनशी. 'ओएक्सटी' हा त्या गटातला ऑक्सिजन अणू यादीत हाताने घाला. बीटा १४६ हे हिस्टिडिन त्याच साखळीतल्या ९४ अस्पार्टेटलाही धरते, म्हणून हिस्टिडिनही भारित गटांत हवे. त्याचे कडे उलटे बसवलेले नाही ना, हे 'रिड्यूस' या प्रोग्रॅमने तपासा. क्ष-किरणांच्या नकाशात नायट्रोजन आणि कार्बन सहसा वेगळे ओळखू येत नाहीत.

विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत त्या सिकल सेलची रचना, २एचबीएस, मोजायची तर वरचा असेंब्लीचा नियम उलटा करावा लागतो. इथे एका रेणूच्या बीटा साखळीतले व्हॅलिन ६ शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या फेनिलअॅलानिन ८५ आणि ल्युसिन ८८ च्या खाचेत शिरते. एकच चौकडी (चार साखळ्यांचा एक रेणू) ठेवली की हा संपर्क फेकला जातो. एरवी कचरा समजून टाकायचे ते स्फटिकातले शेजारी इथे सिकल पेशीत तयार होणाऱ्या तंतूच्या दुहेरी सरीसारखे रचलेले असतात. म्हणून सममितीने शेजारी तयार करा आणि वेगवेगळ्या रेणूंमधल्या बीटा साखळ्यांचे संपर्क मोजा. जनुकीय अहवालाशी ताडून बघताना तिथे हेच व्हॅलिन सातव्या जागी लिहिलेले सापडेल: अहवाल सुरुवातीचे मेथिओनिन मोजतो, रचनेची फाइल मोजत नाही.