विजयदुर्ग: हेलियम सोडा, गोदी गाठा

विजयदुर्गात शिरलं की हेलियम पाठ सोडत नाही. दुर्बिणीसाठी बांधलेल्या साहेबाच्या ओट्यापाशी उभं करून सांगतात, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनं इथूनच हेलियम शोधला. साफ चूक. त्या ग्रहणाला, हेलियमच्या शोधात ज्याचं नाव लॉकियरसोबत घेतात तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात. लॉकियरनं सौरज्वाळांच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ, म्हणजे हेलियमची खूण, पाहिली ऑक्टोबरात, तिकडूनच, ग्रहण नसताना. विजयदुर्गात तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. किल्ल्यातच तळ पडला होता, 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते, आणि एवढ्या खटाटोपात खग्रास अवस्था मिळाली जेमतेम दोन मिनिटं. ओटे जरूर बघा, पण त्या गोष्टीचे वेगळे पैसे मोजू नका.

दुसरी लूट बोटीची. 'किल्ल्याबाहेर समुद्रातली पाण्याखालची भिंत दाखवतो' म्हणतात. भिंत पाण्याखाली आहे. वरून पाणीच दिसतं. त्या पैशात मासळीची ताटं येतील.

या किल्ल्याचा खरा धंदा आरमाराचा. शिवरायांनी १६५३ मध्ये तो आदिलशाहीकडून घेतला, पुढे आंग्र्यांनी त्याला समुद्रावरचं मुख्य ठाणं केलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराच्या वॉटसननं समुद्रातून तोफा डागल्या, क्लाइव्ह फौज घेऊन जमिनीवरून आला. किल्ला पडण्याआधी नांगरून ठेवलेल्या तुळाजी आंग्रेच्या गलबतांना आग लागली आणि एकावरून दुसऱ्यावर जात सगळं आरमार जळालं. त्याच वर्षी इंग्रजांनी बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांना दिला. मग इथं पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांचं आरमार आलं, ते १८१८ पर्यंत. आरमार संपलं आणि किल्ल्याला कामच उरलं नाही. ग्रहणाचा तळ ही मधली पाहुण्यांची वर्दळ. २०२५ पासून जागतिक वारसा यादीत नाव आहे. गर्दी वाढेल, सावली नाही वाढणार.

कोठारं, पागा, खलबतखाना दोन तासांत होतं. समुद्राकडच्या तटावर जांभा सुटलाय, कडेला जाऊ नका. पावसाळ्यात तर शेवाळामुळे चढूच नका. माणशी दोन लिटर पाणी घ्या.

बहुतेक लोक इथूनच परततात आणि गोदी राहते. ती किल्ल्यात नाहीच. किल्ल्यापासून साधारण तीन किलोमीटरवर, गिर्ये बाजूला, वाघोटन खाडीच्या काठी आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'गोदी' म्हणालात तर तो किल्ल्याखालच्या जेटीवर सोडून भाडं घेईल. 'आंग्र्यांची आरमारी गोदी, खाडीकाठची' असं सांगा, आणि भाडं येण्याजाण्याचं, थांबण्यासकट, बसायच्या आधी ठरवा.

सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद अशी ही गोदी, काही भाग खडक फोडून, काही बांधून काढलेला. भरतीला गलबत आत घ्यायचं, पाणी उतरलं की ते कोरड्यावर बसायचं, मग खालची डागडुजी. म्हणून बघायला जायचं तर ओहोटीलाच, भरतीत नुसतं डबकं दिसेल. वेळ काढायची कोकणातली रीत सोपी: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास, ओहोटी त्याच्या सहा तास आधी-नंतर. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. चतुर्थी-पंचमी गाठलीत तर सात ते नऊ किल्ला, मग लगेच गोदी, असं जमतं. अष्टमीला ओहोटी भर बाराला, ते टाळा. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वात खाली जातं खरं, पण ते सकाळी-संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास.

आता चिखल. गोदी गाळानं भरत आली आहे, आणि वरून सुकलेला दिसणारा थर आत लोण्यासारखा आहे. चप्पल रुतून तिथंच राहते. अनवाणी गेलात तर कालवांच्या शिंपल्या तळवे चिरतात, आणि खाडीच्या पाण्यातली जखम लवकर भरत नाही. घट्ट बांधलेले जुने बूटच हवेत. तळात उतरायची गरजही नाही; काठाकाठानं खडकावरून फिरलात तर कोरलेला भाग आणि बांधलेला भाग यातला फरक वरूनच कळतो. पाणी चढू लागलं की निघा, मागच्या वाटेचा चिखल आधी मऊ होतो.

पोचायला मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेरे फाट्यावरून पडेल कॅन्टीनमार्गे साधारण पन्नास किलोमीटर. एसटीनं जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारा.