मार्टिन्सव्हिल प्लेऑफ: वरच्या ओळीत बसा, आणि झेंडा पडला तरी उठू नका

व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलची मोटार शर्यत बघायला यूएस-२२० महामार्गावरून रिजवे गावाच्या दिशेने येताना रस्त्याकडेला कुणी झेंडा हलवत ‘पुढे पार्किंग संपलंय’ असं ओरडत असेल, तर काच वर करा आणि पुढे चला. पुढे जागा आहे, भरपूर आहे, आणि फुकट आहे. आमच्याकडून एका गृहस्थाने स्वतःच्या अंगणासमोरच्या उतारावर गाडी लावायचे ४० डॉलर घेतले, वर ‘हॅव अ गुड वन’ म्हणाला. तिथून दहा मिनिटं चालत आलो तर स्पीडवेचं, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकचं, स्वतःचं गवताचं मैदान अर्धं रिकामं, आणि पैसे मागायला चिटपाखरू नाही. ४० डॉलरचं दुःख पूर्ण शर्यतभर पुरलं.

तर ही ३ नोव्हेंबर २०२४ ची, अमेरिकेत मोटार शर्यती भरवणाऱ्या नॅसकारच्या कप मालिकेची शर्यत. नेमकी भाऊबीज, आणि धाकट्या भावाने ओवाळणी म्हणून तिकिटं काढलेली. शनिवारी ग्रीन्सबरोला त्याच्याकडे फराळ आणि गप्पा, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मुक्कामाला मात्र ग्रीन्सबरोच बरं. ट्रॅक तासाभरावर आहे, आणि शर्यतीच्या आठवड्यात मार्टिन्सव्हिलच्या आसपासच्या हॉटेलांचे दर बघून आपण न्यूयॉर्कला चाललोय की काय असं वाटतं.

तिकिटांबद्दल आता स्पष्टच बोलते. भावाच्या ऑफिसातला एक जण म्हणाला होता, ‘खालच्या ओळी घ्या, गाड्या अगदी अंगावरून जातात.’ जातात, खोटं नाही. पण दिसत काही नाही. हा ट्रॅक अर्ध्या मैलाचा, नेमका ०.५२६. दोन लांब सरळ पट्टे आणि दोन टोकांना आखूड, जेमतेम १२ अंश उताराची वळणं (प्रत्येक टोक दोन वळणं धरतात, म्हणून एकूण चार). खालून तुम्हाला जाळी दिसते, जाळीमागून रंगीत फराटे दिसतात, आणि मधल्या मैदानातल्या ट्रेलरांमुळे पलीकडचा पट्टा गायब. गाडी दुसऱ्या वळणात शिरली की चौथ्यातून बाहेर येईपर्यंत काय झालं ते लोकांच्या आरोळ्यांवरून ओळखायचं. शिवाय इथे प्रत्येक वळणावर ब्रेक इतके दाबले जातात की चकत्या लालभडक होतात, आणि त्याची काळी पूड आणि रबराचे कण थेट तुमच्या चहात. पांढरं काही घालून जाऊ नका. मी घातलं होतं ते स्वेटर आता पुसणी झालंय.

माझा निकाल: सगळ्यात वरच्या पाच-सहा ओळी, चौथ्या वळणाच्या बाजूला. त्या मिळत नसतील तर घरी टीव्हीवर बघा. ‘मधली ओळ चालेल का’ असं विचारणाऱ्यांना, नाही.

कानात बोळे हवेतच, आणि त्यावर हेडफोन. हे नाजूक माणसांसाठी नाही, सगळ्यांसाठी. आणि स्कॅनर भाड्याने घ्याच. चालक, त्याचा क्रू चीफ म्हणजे संघप्रमुख, आणि उंचावरून वाट सांगणारा स्पॉटर काय बोलतात ते त्यावर ऐकू येतं. ‘ॲपवर फुकट ऐकता येईल’ असं म्हणत भावाने स्कॅनर घेतला नाही. एवढ्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क पहिल्या पन्नास फेऱ्यांतच झोपलं. मग एकच हेडफोन दोघांत, बहीण-भावाचं प्रेम वगैरे.

स्कॅनर एवढा का महत्त्वाचा, ते प्लेऑफमुळे, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांमुळे. तेव्हाच्या पद्धतीत (ती २०२५ पर्यंत होती) या टप्प्यात आठ चालक उरलेले असायचे, तीन शर्यती व्हायच्या, आणि चार जण फिनिक्सच्या अंतिम शर्यतीला जायचे. त्या वर्षी लास व्हेगस जिंकून जोई लोगानो आत, होमस्टेड-मायामी जिंकून टायलर रेडिक आत. उरल्या दोन जागा, जिंकून नाहीतर गुणांवर, आणि ही शेवटची संधी. म्हणजे पुढे कोण आहे याच्याइतकंच मधे कोण कुणाच्या मागे रेंगाळतंय हेही महत्त्वाचं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही चारशे फेऱ्या पुढच्या गाड्यांकडे बघत बसलो.

पुढची लढत वाईट नव्हती म्हणा. रायन ब्लेनीला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि शेवटच्या पंधराएक फेऱ्या राहिल्या असताना त्याने चेस एलियटला मागे टाकलं. २०२३ मध्येही इथली प्लेऑफ शर्यत त्यानेच जिंकली होती. बक्षीस म्हणून इथे पुरुषभर उंचीचं लाकडी घड्याळ देतात, १९६४ पासूनची प्रथा. योगायोगाने त्याच पहाटे अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेलेली, त्यामुळे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळला आणि थंडी एकदम हाडात शिरली. जाड जाकीट न्या. दुपारच्या उन्हावर भरवसा ठेवू नका.

पण खरा तमाशा मागे चालला होता. विल्यम बायरनला गुणांच्या जोरावर चौथी जागा टिकवायची होती, आणि क्रिस्टोफर बेलला एक गुण कमी पडत होता. बायरनच्या मागे ऑस्टिन डिलन आणि रॉस चॅस्टेन, दोघेही बायरनसारखेच शेव्हरोलेवाले, असे काही जोडीने चालले होते की पुढे जायची घाईच नाही. आणि बेलसमोर बब्बा वॉलेसची टोयोटा अचानक मंदावली. बेलचीही टोयोटाच. बेलने तिला ओलांडलं, मिळवायचा तो गुण मिळवला, आणि शेवटच्या वळणात गाडी भिंतीला घासत थेट रेषेपर्यंत आणली. आमच्या भोवतीचे सगळे उभे. २०२२ मध्ये याच ट्रॅकवर चॅस्टेनने शेवटच्या फेरीत भिंतीला गाडी टेकवून पाच गाड्या मागे टाकल्या होत्या, त्यानंतर ही युक्ती नियमबाह्य ठरली. पण त्या क्षणी आकडे सांगत होते की बेल आणि बायरन बरोबरीत, आणि बरोबरीत बेलचं पारडं जड. म्हणजे बेल फिनिक्सला.

इथे अर्धं स्टेडियम उठून निघालं, भाऊपण निघाला. मी बसून राहिले, कारण पायांत गोळे आले होते. सुमारे अर्ध्या तासाने निर्णय आला: बेलचं भिंत घासणं नियमबाह्य, बायरन आत. ज्यांनी पार्किंगमध्ये बेलच्या नावाने बिअर फोडली त्यांचे चेहरे नंतर पाहिले. मंगळवारी नॅसकारने डिलन, चॅस्टेन आणि वॉलेस या तिघांना आणि त्यांच्या संघांना प्रत्येकी १ लाख डॉलरचा दंड लावला, शिवाय गुणही कापले. जे आम्ही डोळ्यांनी बघितलं आणि कळलं नाही, ते त्यांनी रेडिओवरचं बोलणं तपासून शोधलं. तुमच्या कानात स्कॅनर असेल तर चॅनल बदलत राहा. शेवटच्या पन्नास फेऱ्यांत आघाडीवीर सोडा आणि गुणांच्या काठावर लोंबकळणाऱ्यांना लावा.

बाहेर पडण्याबद्दल. शर्यत संपताच निघालात तर २२० वर गाडी नुसती उभी राहील. उत्तर कॅरोलायनाची हद्द नकाशात नखाएवढी दूर आहे, तिथे पोचायला आमचा दीड तास गेला. त्यातला निम्मा त्या ४० डॉलरवाल्या उतारावरून रस्त्यावर उतरण्यात, कारण पुढे तीन पिकअप ट्रक आडवे. मालक तेव्हा घरात दिवा मालवून बसलेला. स्पीडवेच्या मैदानात गाडी तोंड बाहेर करून लावा, फोल्डिंग खुर्च्या न्या, तासभर तिथेच चहा प्या. मोटार रेसिंग नेटवर्कचं रेडिओ प्रक्षेपण गाडीत ऐकू येतं, निकालही तिथेच कळेल. सकाळी मात्र निदान चार तास आधी पोचा.

खाणं: इथला गुलाबी हॉट डॉग प्रसिद्ध आहे, वर चिली (खिम्याचा रस्सा), कोबी, कांदा, मोहरी. स्वस्त आहे, भावाने तीन खाल्ले. शाकाहारी लोकांचे हाल आहेत. पण एक मऊ कूलर आत नेता येतो, काचेचं काही नको. आमच्याकडे चकल्या, चिवडा आणि पराठे होते. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने चकली मागून खाल्ली आणि आपले सुटे बोळे आम्हाला दिले, ज्याची भावाला नितांत गरज होती.

२०२५ मध्ये इथली प्लेऑफ शर्यत २६ ऑक्टोबरला झाली. वरच्या ओळी आधी संपतात, तेव्हा पुढची तिकिटं आत्ताच बघा. आठ वर्षांखालचं मूल असेल तर आणू नका. पाचशे फेऱ्या म्हणजे साडेतीन तास, आणि दोनशेव्या फेरीला ते ‘घरी कधी जायचं’ विचारणार. माझा भाऊ चौतीस वर्षांचा आहे, त्याने तीनशेव्याला विचारलं.