लातुरात बसून होस्टिंगचा धंदा: सर्व्हर कसा निवडला, त्याचा माझा अनुभव

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या क्लासेसच्या वेबसाइट वर्षातले बरेच महिने शांत असतात. नीटचा किंवा सीईटीचा निकाल लागला की तासाभरात गुणवंतांची यादी आणि फोटो चढतात, आणि नांदेड, बीड, परभणी, धाराशिवकडचे पालक एकदम त्या साइटवर येतात. पुढच्या वर्षी पोराला कुठं घालायचं हे त्या दोन दिवसांत ठरतं. साइट तेव्हा पडली तर क्लासवाल्याचा हंगाम पडतो. म्हणून सर्व्हर निवडताना मी रोजची सरासरी धरलीच नाही, निकालाचा दिवस धरला.

साइट बनवण्याचं काम मी आधीपासून करत होते. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा, ग्राहक दुसरीकडून घ्यायचे आणि अडलं की फोन मला करायचे. "ताई, साइट लई दमानं उघडायलीय, बघा की जरा." बघायचं काय, मशीन दुसऱ्याचं. म्हणून आधी रिसेलर खातं घेतलं. त्यात सर्व्हर कंपनी सांभाळते, आपण फक्त जागा वाटून देतो. सुरुवातीला ते योग्यच होतं, कारण ग्राहक पैसे देतात का, फोन किती येतात, हे त्यातून कमी खर्चात कळलं.

अडचण मेलची आली. माझ्याकडे एमआयडीसीतली एक दाळ मिल आहे. त्यांची बिलं आणि तूरडाळीचे भाव व्यापाऱ्यांना मेलनं जातात. ते मेल एकाएकी स्पॅममध्ये जाऊ लागले. त्याच आयपीवरच्या, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या त्याच पत्त्यावरच्या, दुसऱ्या कुणाच्या साइटवरून स्पॅम सुटला होता आणि आयपी स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत गेला होता. कंपनीला लिहिलं, उत्तर उशिरा आलं आणि आयपी बदलून मिळाला नाही. त्या आठवड्यात मी स्वतःच्या आयपीचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनचा आपल्यापुरता वेगळा केलेला भाग, घ्यायचं पक्कं केलं.

मिलचे मालक म्हणाले, "मशीन इथंच दुकानात ठेवा ना ताई, डोळ्यासमोर राहील." त्यांचा हेतू चांगला होता, पण ते जमणारं नव्हतं. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा, जाणारी वीज, रस्ता खोदला की तुटणारी एकुलती एक फायबरची लाइन. शिवाय घरगुती जोडणीच्या आयपीवरून आलेला मेल मोठ्या मेल सेवा दारातच अडवतात. सर्व्हरची जागा डेटा सेंटरमध्येच.

मग कोणत्या गावचं डेटा सेंटर? जर्मनीतले सर्व्हर तेवढ्याच पैशात दुप्पट रॅम देत होते. मोह होण्यासारखंच होतं. पण लातुरातून पिंग केलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराचा वेळ मोजला, की मुंबईचं उत्तर तीसेक मिलिसेकंदांत यायचं आणि जर्मनीचं दीडशेच्या पुढे. एक पान उघडताना ब्राउझर आधी सर्व्हरशी टीसीपीची जोडणी करतो, मग ती सुरक्षित करणारी टीएलएसची, मग पान मागतो. म्हणजे पहिलं अक्षर येण्याआधी किमान तीन फेऱ्या. मुंबईला त्या शंभर मिलिसेकंदांच्या आत होतात, जर्मनीला जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि हे अंतर रॅम वाढवून कमी होत नाही. माझे सगळे वाचक मराठवाड्यातले, म्हणून मुंबई.

खरी पारख इथून पुढे सुरू होते. व्हीपीएसच्या जाहिरातीत चार कोर (सीपीयूचे भाग), आठ जीबी रॅम असे आकडे असतात, पण ते कोर किती जणांत वाटलेत ते लिहिलेलं नसतं. काळी-पिवळीत अजून एक बसेल म्हणत माणसं भरतात, तसं काही कंपन्या एका मशीनवर गिऱ्हाइकं भरतात. ते पकडायचं कसं, तर सर्व्हर महिन्याच्या बोलीवर घ्यायचा, वर्षाचे पैसे भरायचे नाहीत, आणि रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी मोजायचं. सर्व्हरच्या लिनक्स सिस्टिमवर टॉप ही आज्ञा चालवली की सीपीयूच्या ओळीत शेवटी 'एसटी' हा आकडा दिसतो. आपल्याला हवा असलेला सीपीयूचा वेळ शेजाऱ्यांनी किती खाल्ला, ते तो सांगतो. तो शून्याजवळ हवा. एका सर्व्हरवर तो दुपारी शून्य आणि रात्री सतत दोन आकडी असायचा. तो महिना संपताच सोडला.

दुसरी तपासणी डिस्कची. वर्डप्रेस या तयार साधनावर बनवलेल्या साइट मंद होण्यामागे बऱ्याचदा सीपीयू नसतो, डेटाबेस डिस्कची वाट बघत बसलेला असतो. म्हणून एफआयओ नावाच्या साधनानं चार केबीच्या तुकड्यांची उलटसुलट लिहा-वाच करून पाहिली, तीही सकाळी आणि रात्री. एनव्हीएमई, म्हणजे वेगवान डिस्क, असं लिहिलेल्या दोन सर्व्हरमध्येही फरक निघाला. सलग मोठी फाइल लिहून पाहिली तर आकडा छान येतो, पण आपल्या कामाला तो लागू पडत नाही.

रॅमचा हिशेब कागदावर केला. वर्डप्रेसचं पान बनवते त्या पीएचपीची एक प्रक्रिया साधारण ८० एमबी धरली. ८ जीबीतून डेटाबेस, मेल आणि खुद्द सिस्टिमसाठी निम्मी बाजूला काढली, तर राहिलेल्या ४ जीबीत पन्नास प्रक्रिया बसतात. पण कोर चारच, त्यामुळे पन्नास जण एकदम आले तर रांग लागणारच. निकालाच्या दिवशी हजारो लोक एकच पान मागतात, मग ते दर वेळी नव्यानं बनवायचं कशाला? एनजिनक्स या वेब सर्व्हरची कॅश, म्हणजे बनलेल्या पानाची जपलेली प्रत, लावली की तयार पान थेट दिलं जातं, पीएचपीला हातही लागत नाही. यादीतले फोटो मात्र मोबाइलमधून जसेच्या तसे चढवलेले असतात, एकेक चार-पाच एमबीचा. ते लहान करून देणं मी आता माझ्याच कामात धरते. या दोन गोष्टींमुळे मला सोळा जीबीचा महाग सर्व्हर लागला नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत मी फार विचार केला नाही. लिनक्सच्या सेंटओएस ८ या प्रकाराला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता, तो २०२१ अखेरच थांबवला गेला, हे आठवून मी डेबियन हे दुसरं लिनक्स घेतलं. पॅनेलसाठी, म्हणजे ग्राहक आपली साइट आणि मेल जिथून सांभाळतात त्या पडद्यासाठी, सीपॅनेल सगळ्यांना ओळखीचं, पण २०१९ पासून त्याचे पैसे खात्यांच्या संख्येवर लागतात. लहान लहान साइट असणाऱ्या माझ्यासारखीला ते परवडत नाही, म्हणून फुकटातलं हेस्टिया बसवलं. ग्राहकांना मराठीत चार चित्रांचं एक पान करून दिलं, तेवढं पुरलं.

मेलसाठी सर्व्हर घेण्याआधीच कंपनीला दोन प्रश्न विचारायचे. पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, उघडा आहे का, आणि आयपीचं उलटं नाव, म्हणजे पीटीआर, लावून द्याल का. बऱ्याच क्लाउड कंपन्या २५ बंद ठेवतात. दिलेला आयपी आधीच काळ्या यादीत नाही ना, तेही लगेच बघायचं. मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) नोंदी, ज्यांवरून मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे समोरच्याला तपासता येतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू घाऊक मेल पाठवणाऱ्यांकडून हे तिन्ही मागतात. दाळ मिलचे मेल आता इनबॉक्समध्ये पोहोचतात. त्यासाठी सुरुवातीला रोज थोडेच मेल पाठवून नव्या आयपीची ओळख बसू दिली.

बॅकअपबद्दल मी कुणाशीही तडजोड करत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत जळून गेली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. माझा बॅकअप म्हणून दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात, रोज रात्री जातो आणि जाण्याआधी कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होतो. दर महिन्याला एखादी साइट रिकाम्या सर्व्हरवर परत उभी करून बघते. रेडमध्ये, म्हणजे एकच डेटा एकदम दोन डिस्कवर लिहिण्याच्या सोयीत, दोन डिस्क असल्या तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते, हे ग्राहकांना मुद्दाम सांगावं लागतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. सेवेच्या धंद्याला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची सक्ती नाही, तरी मी नोंदणी केली, कारण मिलसारख्या ग्राहकांना १८ टक्क्यांचं क्रेडिट हवं असतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र लक्ष देऊन वाचले. लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे आणि सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. लॉगला लागणारी जागा मी डिस्कच्या हिशेबात आधीच धरली.

दर ठरवताना ९९.९ टक्के चालू राहण्याचा शब्द मी कागदावर दिला, पण त्याचा अर्थही लिहून दिला, की महिन्यात ४३ मिनिटं साइट बंद असू शकते. क्लासच्या सरांनी ते वाचून विचारलं, "ती ४३ मिनिटं निकालाच्या दिवशी तर येणार नाहीत ना?" त्यांच्या करारात मी वेगळी ओळ घातली, की निकालाच्या आठवड्यात सर्व्हरवर कुठलंही अपडेट किंवा बदल करणार नाही आणि रात्रीही फोन उचलेन. गेल्या निकालाला कॅशनं जवळजवळ सगळा भार पेलला, सीपीयू निम्म्यावरही गेला नाही. डोमेन मी ग्राहकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घेते. उद्या कुणाला दुसरीकडे जायचं असेल, तर त्याची पूर्ण बॅकअप फाइल आणि डोमेन हलवायचा कोड मागितल्या दिवशी हातात मिळतो, हेही करारात आहे.