खूण नसलेली पानं

मला व्हिडिओ गेम खेळता येत नाहीत. भाच्याने दोनदा शिकवून पाहिलं. हातात कंट्रोलर दिला. समोर एक ओढा होता, तो ओलांडायचा होता. तीनदा ओढ्यात बुडालो आणि चौथ्यांदा उलटा फिरून भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालत राहिलो. ‘राहू दे मामा,’ असं म्हणून त्याने लहान पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसा कंट्रोलर काढून घेतला.

तरी माझ्या कपाटात गेमची सात पुस्तकं आहेत. गेम कसा जिंकायचा ते सांगणारी नव्हेत. गेम तयार होण्याआधी आणि होत असताना चित्रकारांनी जी चित्रं काढलेली असतात, त्यांची. त्यांना ‘कॉन्सेप्ट आर्ट’ म्हणतात आणि पुस्तकाला ‘आर्ट बुक’. जाड, बहुतेक आडवी, झोपून वाचायला घेतली तर छातीवर वरवंटा ठेवल्यासारखी.

पहिलं आलं ते मे महिन्यात. जळगावच्या मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तोंडाला रुमाल गुंडाळलेला कुरिअरवाला पोरगा खोकं देऊन, तांब्याभर पाणी पिऊन गेला. खोक्याचा कोपरा चेपलेला, आतल्या पुस्तकाचाही. परत पाठवावं असं मनात आलं होतं, पण पहिलं पान उघडलं आणि ते राहूनच गेलं. ‘जर्नी’ या २०१२ सालच्या गेमचं पुस्तक. नुसतं वाळवंट. लांब एक डोंगर, त्याच्या माथ्यावर उजेडाची चीर आणि अलीकडे लाल झग्यातली एक इवलीशी आकृती. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, कूलरचं पाणी संपलेलं, आणि मी वाळूची चित्रं बघत बसलेलो.

आई आली. अहिराणीत म्हणाली, “काय शे हाई?”

“चित्रांचं पुस्तक.”

“तू शायमा जास का आते?” म्हणजे, आता शाळेत जातोस का? आणि मग मुद्द्याचं, “कितलानं शे?”

मी आठशे सांगितले. खरा आकडा इथेही लिहीत नाही. आईला फोन बघता येतो.

तेवढ्यात लाइट गेली. आतल्या खोलीत भाच्याचा गेम बंद पडला आणि तो बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला. हा या पुस्तकांचा एक फायदा. त्याने ‘जर्नी’ खेळलेला होता. गेममधल्या त्या लाल आकृतीला हात नाहीत, ते त्याला ठाऊक होतं. पण त्या आकृतीच्या आधी किती आकृत्या काढून झाल्या होत्या, ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं. कुणी जाड, कुणी काटकुळी, कुणाचा झगा वेगळा, कुणाचं डोकंच वेगळं. पानावर बोट ठेवून त्याने विचारलं, “मामा, मग ह्यांचं काय झालं?”

हा प्रश्न मी आधी ऐकलेला होता. खरं म्हणजे मीच विचारलेला होता, अमळनेरला, आजोबांना.

आजोबा सोनार. पेढी म्हणावी एवढी पेढी नव्हती; ओट्याला लागून एक खोली, गादी, तराजू, मागे भट्टी. त्यांची एक लाल कापडी बांधणीची वही होती. गिऱ्हाईक आलं की ते आधी सोन्याला हात लावत नसत, वही उघडत. पेन्सिलने आकार, वरून टाकाने शाई. जो दागिना घडला त्याच्या चित्राखाली लाल शाईत बरोबरची खूण. वही आता माझ्याकडे आहे आणि तिच्यात खूण नसलेली पानंच जास्त आहेत.

एक पान मी अनेकदा उघडतो. पाटलीचं. पहिल्या चित्रात भरगच्च नक्षी, फाशापाशी बाण काढून ‘इथे जोड’, खाली ‘२ तोळे ३ मासे’. शेजारी तीच पाटली, नक्षी निम्मी, खाली ‘दीड तोळा’. त्याखाली परत तीच, नक्षी नाहीच, कडेला एक बारीक गोफ फक्त, आणि ‘१ तोळा, लाख भरणे’. लाल खूण तिसऱ्या चित्राला. कुणाच्या तरी लग्नाआधीची सबंध बोलणी त्या एका पानावर आहेत. बापाने मान खाली घातलेली दिसते, आई ‘निदान गोफ तरी ठेवा’ म्हणालेली ऐकू येते. घडलेली पाटली हातात धरून यातलं काही कळलं नसतं. ती नुसतीच एक साधी पाटली.

आर्ट बुकात मला हेच सापडतं. तिथेही बाण काढून बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हा पट्टा झिजलेला हवा, हे कापड जाड हवं. एकच माणूस समोरून, बाजूने, पाठीमागून काढलेला असतो, कारण पुढे दुसऱ्या कुणाला तरी तो संगणकात घडवायचा आहे. आणि तिथेही सोनं कमी पडतं. फक्त तिथल्या सोन्याची नावं वेगळी: मुदत, पैसा, यंत्राची ताकद.

यंत्राच्या ताकदीचं सर्वांत हृद्य उदाहरण म्हणजे ‘फायनल फँटसी’. १९८७ साली पहिला गेम आला, तेव्हा त्याची चित्रं योशिताका अमानो या जपानी चित्रकाराने काढली. जलरंगात, केसांच्या आणि वस्त्रांच्या अशा लाटा की कुठे केस संपले आणि कुठे धूर सुरू झाला ते कळू नये. आणि त्या काळच्या यंत्रावर, पडद्यावर काय दिसायचं? बोटाच्या पेराएवढे, चौकोनी ठिपक्यांचे ठोकळे. पण ज्या पोराने ते चित्र आधी पाहिलंय, त्याला त्या ठोकळ्यातही उडणारे केस दिसत असणार. माझी आत्या एक तोळ्याची बारीक ठुशी घालायची आणि वहीत तिचं चित्र चांगलं तीन तोळ्यांचं आहे. ती आरशात कुठली ठुशी बघत असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काळ्या आकृत्यांची पानं हाही एक माझा आवडता भाग. चित्रकार आधी तपशील काढतच नाहीत. नुसते काळे आकार भरतात, सावलीसारखे. सावलीवरून माणूस ओळखू आला तर पुढे जायचं, नाही तर तो आकार रद्द. २००७ सालच्या ‘टीम फोर्ट्रेस २’ मध्ये नऊ पात्रं आहेत आणि धावपळीत नुसत्या सावलीवरून कुठलं कोण ते कळावं अशीच ती घडवलेली आहेत. आजोबांना हे कुणी सांगितलं असतं तर ‘त्यात काय नवीन’ म्हणाले असते. नथ दहा पावलांवरून नथ दिसली पाहिजे, मोती मग मोजा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता जरा तक्रार. हल्लीच्या आर्ट बुकांत खोडाखोड कमी होत चालली आहे. पानामागून पान झगमगीत, पूर्ण झालेली, पोस्टरला शोभतील अशी चित्रं. सगळ्याच पानांवर लाल खूण. असं एक पुस्तक मी घेतलं आणि अर्ध्या तासात मिटलं. दागिन्यांच्या दुकानातला छापील कॅटलॉग बघायला मला कुणाला पैसे मोजायचे नाहीत.

याच्या उलट ‘हाफ-लाइफ २’चं २००४ सालचं पुस्तक. माझ्याकडे ते नाही; पुण्याच्या एका मित्राकडे आहे आणि तो ते घराबाहेर काढत नाही, म्हणून मी पुण्याला जातो. त्यात गेममध्ये कधी आलेल्याच नाहीत अशा जागा आहेत. बर्फात अडकलेलं ‘बोरियालिस’ नावाचं सबंध जहाज आहे, जे गेममधून काढून टाकलं. गेममधलं शहर विक्टर अँटोनोव्ह यांच्या हातचं. ते मूळचे बल्गेरियातल्या सोफियाचे. त्यांनी भविष्यातलं शहर काढताना चकचकीत काही काढलं नाही, आपल्या लहानपणच्या पूर्व युरोपातल्या थकलेल्या इमारतीच घेतल्या आणि त्यांच्या डोक्यावर परक्यांचा एक अजस्र लोखंडी मनोरा ठेवला. जुनं आणि परकं एकमेकांत न मिसळता शेजारी उभं.

ते पाहून परत आलो. भुसावळ जवळ आलं तशी खिडकीतून केळीची बाग दिसली, ओली हिरवी, आणि तिच्या मागे दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. आयुष्यभर बघितलेलं दृश्य. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे कुणीतरी काढलंय. मनातल्या मनात बाण काढून लिहीतसुद्धा होतो: इथे पानं वाऱ्याने फाटलेली, इथे धूर सरळ वर, हवा पडलेली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला, त्यात पहाडी लघुचित्रांची छाया आहे, राजस्थानी वाडे आहेत. छान आहे. पण केळीच्या बागेत रात्री पाणी भरायला गेलेला माणूस, हातात बॅटरी, आणि मागे त्या चिमण्यांचे लाल दिवे, हे चित्र अजून कुणी काढलेलं मला माहीत नाही.

कधी कधी टाकून दिलेलं टाकलं ते बरंच झालं असंही वाटतं, हे कबूल केलं पाहिजे. ‘झेल्डा’ मालिकेतला २०१७ सालचा गेम करताना निन्टेंडो या जपानी कंपनीच्या लोकांनी एक कल्पना रंगवली होती: उडत्या तबकड्या येऊन गाई पळवून नेतात. ही चित्रं त्यांनी त्याच वर्षी एका परिषदेत स्वतःच दाखवली, हसत हसत. शेजारच्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, तबकडीचं माहीत नाही, पण आमची गाय नेणारे पायीच आले होते.

अजिंठा आमच्याकडून दीड तासावर. शाळेची सहल दरवर्षी तिथेच. गाइड सव्वीस नंबरच्या लेण्यातल्या निजलेल्या बुद्धाकडे घाईने न्यायचा आणि वाटेतलं चोवीस नंबर ‘अधुरं आहे, चला’ म्हणून मागे टाकायचा. मी मात्र तिथेच रेंगाळायचो. पुरं झालं असतं तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांत ते गणलं गेलं असतं. आत खांब कमीजास्त दगडातून निघालेले, बाकीचे अजून दगडातच. छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. कुठल्या घावापाशी हात थांबला तेही दिसतं. सर कान धरून पुढे न्यायचे.

भाच्याने परवा आजोबांची वही मागितली. त्याच्या मांडीवर एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला ‘जर्नी’. लाइट होती, गेम चालू होता, तरी. शेवटाकडच्या एका पानावर तो थांबला. नथ आहे. मोत्यांचा असा बाक मी दुसऱ्या कुठल्या नथीत पाहिला नाही, खालचा मोती किंचित कललेला, जणू बाई हसायच्या बेतात आहेत. वजन लिहिलेलं आहे, भाव लिहिलेला आहे, नाव नाही.

“हे झालं का मग?” त्याने विचारलं.

मी चष्मा लावून वाचलं. कोपऱ्यात पेन्सिलने, पुसट: ‘आखाजीला परत येते म्हणाल्या.’ आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.

लाल खूण शोधायला त्याने पान उलटून मागेही पाहिलं.